कायदा गेलाच, असं धरून धंदा मोडू नका

प्रिय ताई,

आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. दोघंही आता इथले नागरिक आहोत. 2022 मध्ये मला स्तनाचा कर्करोग झाला. उपचार पूर्ण झाले, रोजची गोळी आणि दर सहा महिन्यांची तपासणी चालू आहे. 2023 मध्ये ह्यांनी औषध कंपनीतली नोकरी सोडून प्रयोगशाळांमधली यंत्रं दुरुस्त करायचा स्वतःचा धंदा सुरू केला. मी डे-केअरमध्ये अर्धवेळ जाते, तिथे विमा मिळत नाही. मुलगी 20 वर्षांची, कॉलेजात आहे. गेल्या वर्षी रिटर्नवर दोघांचं मिळून 1,12,000 डॉलरच्या आसपास उत्पन्न दिसलं. विमा ओबामाकेअरचा, म्हणजे 2010 च्या आरोग्यविमा कायद्याखालचा. हप्ता गेल्या वर्षी महिन्याला 800 डॉलरच्या आत होता, जानेवारीपासून 1,700 च्या वर गेला.

हे म्हणतात, हा कायदा आता राहत नाही. आज सबसिडी गेली, उद्या सगळंच जाईल, आणि मग तुला कुठली कंपनी दारात उभी करणार नाही. त्याआधी नोकरी धरतो. एका कंपनीने विचारलंही आहे. एवढ्या कष्टाने उभा केलेला धंदा माझ्या आजारापायी मोडणार, या विचाराने मला झोप येत नाही. कायदा टिकेल का? आम्ही काय करावं?

– स्नेहल (नाव बदललं आहे)

प्रिय स्नेहल,

त्या कंपनीला होकार कळवण्याआधी तुझ्या नवऱ्याला थोडं थांबायला सांग. नोकरी वाईट असते म्हणून नाही. ज्या भीतीने तो ती धरायला निघालाय, ती भीती चुकीच्या जागी येऊन बसली आहे म्हणून.

‘हा कायदा आता राहत नाही’ हे वाक्य कायद्याइतकंच जुनं आहे. 23 मार्च 2010 ला ओबामांनी सही केली आणि तेव्हापासून ते ऐकू येतंय. जून 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो 5 विरुद्ध 4 मतांनी वाचला. वाचवणारं मत सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांचं होतं, आणि त्यांची नेमणूक रिपब्लिकन अध्यक्षांनी केलेली. 2015 मध्ये सबसिडीच्या एका वाक्यरचनेवरून पुन्हा खटला उभा राहिला, तोही 6 विरुद्ध 3 ने निभावला. मधल्या काळात हाऊसने, म्हणजे अमेरिकी संसदेच्या खालच्या सभागृहाने, कायदा पूर्ण किंवा थोडाथोडा रद्द करण्यासाठी 50 हून जास्त वेळा मतदान केलं. जानेवारी 2016 मध्ये तर रद्द करणारं विधेयक ओबामांच्या टेबलापर्यंत पोचलं आणि त्यांना नकाराधिकार वापरावा लागला.

मग आलं 2017. व्हाइट हाऊस, हाऊस, सिनेट, तिन्ही एकाच, रिपब्लिकन पक्षाकडे, आणि त्या पक्षाने सात वर्षं एकच वचन दिलेलं. 4 मे रोजी हाऊसने 217 विरुद्ध 213 मतांनी विधेयक पुढे पाठवलं. आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवरही लोकांनी तेव्हा कायद्याचं तेरावं उरकून घेतलं होतं. 28 जुलैच्या पहाटे सिनेटमध्ये सुसान कॉलिन्स आणि लिसा मुर्कोव्स्की या त्याच पक्षाच्या दोघी विरोधात उभ्या राहिल्या. त्याच महिन्यात मेंदूच्या कर्करोगाचं निदान झालेले त्याच पक्षाचे जॉन मॅकेन पुढे आले आणि त्यांनी अंगठा खाली केला. विधेयक 49 विरुद्ध 51 मतांनी पडलं. डिसेंबर 2018 मध्ये टेक्सासच्या एका संघीय न्यायाधीशाने अख्खा कायदाच घटनाबाह्य ठरवला. जून 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो खटला 7 विरुद्ध 2 मतांनी काढून टाकला. आणि जून 2025 मध्ये, आजच्याच न्यायालयाने, मॅमोग्राफीसारख्या प्रतिबंधक तपासण्या रुग्णाकडून पैसे न घेता करून देण्याची तरतूद 6 विरुद्ध 3 ने कायम ठेवली.

हा सगळा पाढा मी ‘बघ, काही होत नाही’ म्हणायला वाचलेला नाही. होतंय, आणि तुझ्या हप्त्यात ते दिसतंय. पण काय होतंय आणि काय होत नाही, हे वेगळं करून पाहिल्याशिवाय तुम्हा दोघांना धड निर्णय घेता येणार नाही.

या कायद्याचा एक भाग नियमांचा आहे. जुना आजार आहे म्हणून विमा नाकारायचा नाही, त्यासाठी जादा हप्ता लावायचा नाही, आयुष्यभरात अमुक लाखांपर्यंतच खर्च देऊ अशी मर्यादा घालायची नाही, मुलांना 26 वर्षांपर्यंत आईवडिलांच्या विम्यात ठेवायचं. दुसरा भाग पैशाचा: हप्त्यावरची सबसिडी आणि गरिबांसाठीचं मेडिकेड. नियम काढायचे तर सिनेटमध्ये एरवीच्या पद्धतीने 100 पैकी 60 मतं जमवावी लागतात. पैशाचं तसं नाही. अर्थसंकल्पाच्या खास मार्गाने गेलं तर साधं बहुमत पुरतं, पण त्या मार्गाने कर आणि खर्च यांनाच हात लावता येतो. साठ मतांचा हा संकेत सिनेटचा स्वतःचा आहे, बहुमताने मनात आणलं तर तो मोडता येतो, हे तुझ्यापासून लपवत नाही. मात्र साध्या कायद्यांसाठी तो आजवर कुठल्याच पक्षाने मोडलेला नाही. उद्या आपण अल्पमतात गेलो तर काय, ही धास्ती दोघांनाही आहे.

तेव्हा तुझा नवरा जे म्हणतो, ‘तुला दारात उभी करणार नाहीत’, तो नियमांचा भाग. तो आज जसाच्या तसा आहे. तुमचा हप्ता वाढला तो दुसऱ्या भागामुळे. 2021 मध्ये सबसिडी वाढवली गेली आणि उत्पन्न कितीही असलं तरी ठरावीक योजनेचा हप्ता उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांवर जाणार नाही अशी सोय झाली. त्या वाढीव सबसिडीची मुदत 31 डिसेंबर 2025 ला संपली. ती संपायला कुणाला काही करावं लागलं नाही. वाचवायला मात्र करावं लागलं असतं. त्याच प्रश्नावरून 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात सरकार 43 दिवस बंद राहिलं. 11 डिसेंबरला सिनेटमध्ये तीन वर्षांच्या मुदतवाढीला 51 मतं पडली, विरोधात 48. हवी होती 60. ज्या साठ मतांच्या अटीमुळे नियम वाचतात, तीच इथे आडवी आली.

म्हणून मी म्हणते की कायदा एका दिवसात पाडतील ही भीती बाजूला ठेव आणि काय काय काढून नेलं जातंय ते बघ. जुना वाडा पाडायला माणसं आली की गल्ली गोळा होते. रात्री एकेक वासा काढून नेला तर कुणाला कळत नाही. 4 जुलै 2025 ला सही झालेल्या मोठ्या कायद्यात असे बरेच वासे निघाले. 2027 पासून मेडिकेडवरच्या अनेक प्रौढांना महिन्याला 80 तास काम केल्याचा पुरावा द्यावा लागेल. सबसिडी आगाऊ घेतली आणि उत्पन्न अंदाजापेक्षा जास्त निघालं, तर पूर्वी परत करायच्या रकमेवर बहुतेकांना मर्यादा होती. 2026 च्या करवर्षापासून ती नाही. जेवढी जास्त घेतली तेवढी सगळी परत. ज्याची मिळकत महिन्यागणिक वर-खाली होते त्या धंदेवाल्याला हा फार मोठा फटका आहे, आणि टीव्हीवर यावर कुणी भांडताना दिसत नाही.

नुसते नियम राहिले आणि पैसा गेला तर काय होतं, हे तुमच्याच राज्यात घडून गेलंय. न्यू जर्सीने 1992 मध्येच कायदा करून वैयक्तिक विमा कुणालाही नाकारायचा नाही असं ठरवलं. चांगलाच कायदा होता. पण सबसिडी तोकडी आणि विमा घ्यायची सक्ती नाही, त्यामुळे धडधाकट माणसं बाहेर राहिली, आजारी तेवढी आत आली, हप्ते चढत गेले, आणि चढलेल्या हप्त्यांनी आणखी माणसं बाहेर ढकलली. दार उघडं होतं, पण आत जाणं परवडत नव्हतं. मी त्या काळात इथल्याच एका इस्पितळाच्या बिलिंग विभागात होते. केमो अर्ध्यावर आलेली एक बाई खिडकीशी येऊन, ‘पुढचा डोस पुढच्या महिन्यात घेतला तर चालेल का?’ असं मला विचारायची. मला! डॉक्टरला विचारायची तिला लाज वाटत होती. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात तर तिला बऱ्याच कंपन्यांकडून सरळ नकाराचं पत्रच आलं असतं.

त्यामुळे तुझ्या नवऱ्याची काळजी खोटी नाही. फक्त ‘कायदा राहील का’ हा प्रश्न तुमच्या कामाचा नाही. ‘यंदा आणि पुढच्या वर्षी आम्हाला हप्ता परवडेल का’ हा आहे. त्याचं उत्तर बरंचसं तुमच्या हातात आहे.

आता आकडे. वाढीव सबसिडी गेली तरी मूळची सबसिडी कायद्यात आहेच. ती दारिद्र्यरेषेच्या 400 टक्क्यांपर्यंतच्या उत्पन्नाला मिळते, त्यावर एक डॉलर गेला की शून्य. तिघांच्या कुटुंबासाठी 2026 च्या विम्याला ही 400 टक्क्यांची रेषा 1,06,600 डॉलरवर आहे. तुमचं उत्पन्न 1,12,000. म्हणजे तुम्ही 5,400 डॉलरने बाहेर पडलात, आणि त्यासाठी महिन्याला जवळजवळ हजार डॉलर जास्त मोजताय. यावर उपाय आहे. धंदेवाला स्वतःच्या निवृत्तीसाठी एसईपी-आयआरए किंवा सोलो 401-के खात्यात पैसे टाकू शकतो आणि ते या हिशेबाच्या उत्पन्नातून वजा होतात. समजा त्याने 6,000 टाकले आणि उत्पन्न 1,06,000 वर आलं. मग मधल्या सिल्व्हर योजनेसाठी तुमचा वाटा 2026 मध्ये उत्पन्नाच्या 9.96 टक्के धरला जातो, महिन्याला साधारण 880 डॉलर. उरलेलं सरकार भरतं. स्वतःच्याच म्हातारपणासाठी ठेवलेल्या सहा हजारांमुळे वर्षाला नऊ-दहा हजार वाचतात. शिवाय एसईपी-आयआरएमध्ये 2026 साठीची रक्कम पुढच्या वर्षी रिटर्न भरेपर्यंत टाकता येते, त्यामुळे वर्षाचा हिशेब समोर आल्यावर ठरवायची सवड आहे.

धंदेवाल्याला आरोग्य विम्याचा हप्ताही उत्पन्नातून वजा करता येतो. हप्ता वाढला की उत्पन्न खाली येतं, उत्पन्न खाली आलं की सबसिडी वाढते, सबसिडी वाढली की वजा होणारा हप्ता कमी होतो. हे गोल फिरणारं गणित आहे, त्यासाठी आयकर खात्याची ठरलेली पद्धत आहे, आणि ते घरी बसून करायचं काम नव्हे. सीपीएकडे, म्हणजे इथल्या सीएकडे, जा. मुलीने उन्हाळ्यात काम केलं असेल तर तेही सांग, तिला रिटर्न भरणं बंधनकारक होत असेल तर तिची कमाईही यात मोजली जाते. आणि रेषेला अगदी चिकटून बसू नका, थोडी मोकळीक ठेवा. डिसेंबरात एखादं मोठं बिल वसूल झालं आणि रेषा ओलांडली, तर आगाऊ घेतलेली सगळी सबसिडी परत करावी लागेल.

एक मात्र कटाक्षाने पाळा. विमा राज्याच्या गेट कव्हर्ड एनजे या सरकारी विमा-बाजारातूनच घेतलेला असू दे. सबसिडी आता नाहीच मिळत, मग थेट कंपनीकडून घेऊ, असं करू नका. तसं केलं तर वर्षाअखेरी पात्र ठरूनही दमडी मिळत नाही. न्यू जर्सी स्वतःच्या तिजोरीतून थोडी सवलत देतं, तीही तिथेच कळेल. ‘अर्ध्या हप्त्यात विमा’ म्हणून फोन येतात त्यांना कर्करोगाचं नाव काढून बघ, लगेच कळेल की तो विमा नाही.

नोकरीचं म्हणशील तर माझं मत सांगते. कंपनीच्या विम्यात गेलं की या कायद्यातून सुटलो, असं तुझ्या नवऱ्याला वाटतंय. सुटत नाही. कंपनीच्या विम्यातही आयुष्यभराची मर्यादा नाही ती याच कायद्यामुळे, आणि तुमची मुलगी 26 पर्यंत त्यात राहील तीही याच कायद्यामुळे. 2010 च्या आधी चांगल्या चांगल्या कंपन्यांच्या विम्यातही अशी मर्यादा सर्रास असायची, आणि कर्करोग परतला तर लाखो डॉलर जायला फार दिवस लागत नाहीत. औषध कंपन्यांमधली माणसं कशी कमी होतात हे तुम्हाला मी सांगायला नको. नोकरी गेली की 60 दिवसांत याच दारात परत यायचंय.

दोन वर्षांचा हिशेब मांडून पाहा. खात्यात पैसे टाकून, हप्ता आणि डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्याआधी आपण भरायची रक्कम) दोन्ही धरूनही धंदा तोट्यात जात असेल, तर एकाने विमा मिळेल असं काम धरावं. ते त्यानेच धरायला हवं असं मात्र नाही. डे-केअरचा अनुभव असलेल्या बाईला शाळेत पूर्णवेळ काम मिळू शकतं, आणि त्यातल्या बऱ्याच कामांबरोबर कुटुंबाचा विमा येतो. तब्येत परवानगी देत असेल तर तू अर्ज करून ठेव. आणि त्याला स्वतःलाच धंद्याचा कंटाळा आला असेल, तर तो खुशाल नोकरी करो. पण मग त्याने तसं म्हणावं.

याच विषयावर आईवडिलांसाठी विचारणारी पत्रंही येतात, म्हणून थोडक्यात. ग्रीन कार्डावर आलेल्या 65 वर्षांवरच्या पालकांना पहिली पाच वर्षं मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी विमा, मिळत नाही, त्यामुळे बरीच मराठी घरं त्यांच्यासाठी याच बाजारातून विमा घेतात. दारिद्र्यरेषेखाली उत्पन्न असलेल्या अशा पालकांची सबसिडी जानेवारी 2026 पासून बंद झाली आहे. ते तुमच्या रिटर्नवर अवलंबित असतील तर तुमचं उत्पन्न धरलं जातं, हिशेब वेगळा होतो. एच-1बी, एच-4 वगैरे व्हिसांवरच्यांना 2027 पासून सबसिडी मिळणार नाही. ग्रीन कार्डवाल्यांना मिळत राहील.

स्नेहल, निराशेबद्दल मला एक सांगायचंय, आणि ते मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. 2017 मध्ये हा कायदा एकट्या मॅकेननी वाचवला, असं आता सांगितलं जातं. त्या पहाटेच्या आधी सहा महिने सामान्य माणसं आपापल्या प्रतिनिधींच्या सभांमध्ये उभी राहून आपले आजार सांगत होती. जूनमध्ये व्हीलचेअरवरची माणसं सिनेटचे तेव्हाचे नेते मिच मॅककॉनल यांच्या कार्यालयाबाहेर बसली आणि पोलिसांनी त्यांना उचलून नेलं. कायदा टिकेल अशी खात्री त्यांच्यापैकी कुणाला होती? तरी ती आली. आयडाहो, युटा, नेब्रास्का 2018 मध्ये, ओक्लाहोमा आणि मिझुरी 2020 मध्ये, साउथ डकोटा 2022 मध्ये: ही सगळी पक्की रिपब्लिकन राज्यं, आणि तिथे नेत्यांनी नको म्हटलेलं वाढीव मेडिकेड लोकांनी थेट मतदान करून आणलं. मिझुरीच्या विधिमंडळाने त्यानंतरही पैसे द्यायचं नाकारलं, तेव्हा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते अमलात आणायला लावलं.

आपली माणसं यात फारशी दिसत नाहीत. आजार चार लोकांत काढायचा नाही, ही आपली जुनी सवय. गणपतीत मंडळात घरांच्या किमतींवर तासभर बोलतो, पण किती जणांचा हप्ता दुप्पट झालाय ते एकमेकांना ठाऊक नसतं. तुला सगळ्यांसमोर सांग असं मी म्हणणार नाही, तो तुझा प्रश्न. पण तुमच्या हाऊस प्रतिनिधीच्या स्थानिक कार्यालयात फोन करणं एवढं अवघड नाही. ते झिप कोड विचारतील, तो सांग. मग आमच्या घरी कर्करोग होऊन गेलाय, धंदा स्वतःचा आहे, हप्ता इतक्यावरून इतक्यावर गेला, आणि सबसिडी परत करण्यावरची मर्यादा पुन्हा आणा, एवढंच बोल. असे फोन मोजले जातात. रात्री बातम्या बघत बसण्यापेक्षा त्याने तुला जास्त बरं वाटेल, असं मी जबाबदारीने सांगते.

आणि ‘माझ्या आजारापायी’ हे मनातून काढ. तारखा बघ: निदान 2022 मध्ये, नोकरी सोडली 2023 मध्ये. 2014 मध्ये हे नियम लागू होण्याआधी घरात कर्करोग असताना नोकरी सोडायचा विचार बहुतेक राज्यांत कुणाला शिवलाही नसता. माणसं विम्यापायी वर्षानुवर्षं नको त्या खुर्चीत बसून राहायची. तो नोकरी सोडू शकला कारण तुझा आजार त्याच्या आड येणार नाही अशी व्यवस्था होती. धंदा आज अडलाय तो त्या व्यवस्थेतले पैसे काढून घेतल्यामुळे. ते काढणाऱ्यांमध्ये तू नव्हतीस. हे तू त्याला एकदा मोठ्याने म्हणून दाखव, कारण तोही बहुधा तुझ्यासाठी घाबरलाय आणि ते नीट सांगता येत नाही म्हणून नोकरीचं बोलतोय.

सीपीएकडे दोघं मिळून जा. जाताना गेल्या वर्षीचं रिटर्न, यंदाच्या गेलेल्या महिन्यांचा धंद्याचा जमाखर्च, गेट कव्हर्ड एनजेकडून आलेला 1095-ए फॉर्म आणि त्या कंपनीच्या नोकरीच्या प्रस्तावात विम्याचा कुटुंबाचा हप्ता किती लिहिलाय तो कागद, एवढं बरोबर असू दे.

– तुझी ताई